आडव्या झाडापाशी बांधलेली फीत

ता. ११ ऑक्टोबर

ती. मामास,

शि. सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. सायकल बसच्या टपावर बांधली होती, ती माझ्यापेक्षा जास्त सुखरूप पोचली. आईने दार उघडून आधी तिच्या चिखलाकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे, आणि दोघींपैकी घरात आधी कोणाला घ्यावं ते न कळून ती उंबऱ्यातच उभी राहिली. शेवटी मला घेतलं. सायकल अजून जिन्याखाली आहे.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण मागच्या वेळी मी ताप आलाय म्हणाले आणि तुम्ही पलीकडून वा वा, अभिनंदन म्हणालात. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्याने तुमचे कान नेले पण अक्षर ठेवलं, असं आई म्हणते, ते बरंच झालं.

मामा, निघायच्या गडबडीत धड बोलणं झालं नाही, म्हणून शर्यतीत झाला प्रकार पुन्हा लिहिते. दगडांचा उतार संपल्यावर ओढ्याच्या अलीकडे ते झाड आडवं पडलंय ना, त्याच्या फाट्यावर मला वाट दाखवणारी फीत दिसली नाही. डावीकडे वळायचं ते मी सरळ गेले आणि जातच राहिले. पुढे मोठा रस्ता लागला, त्या रस्त्याने परत आले. एवढंच झालं. तुम्हा सगळ्यांना माझ्यापायी रान पालथं घालावं लागलं याचं फार वाईट वाटतं. फीत वाऱ्याने सुटली असेल, त्यात कोणाचीच चूक नाही. तेव्हा आता हा विषय कोणी काढू नये, एवढं माझं ऐका.

दुकानात मालकांनी आल्याआल्या निकाल विचारला. ते माझा फोटो काचेत लावणार होते, इमल्शनच्या डब्यांच्या वर. वाट चुकले म्हटल्यावर ते म्हणाले की दिवसभर रंग कालवणाऱ्या पोरीला लाल-पिवळी फीत दिसू नये म्हणजे कमालच झाली. सगळे हसले, मीही हसले. मग संध्याकाळपर्यंत खाली मान घालून पांढरा कालवत बसले.

मामीस नमस्कार. तिने दिलेला डबा बसमध्येच संपवला, डबा तेवढा परत पाठवते. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
भिंगरी


ता. १५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तू विषय काढू नका लिहिलं आहेस, पण मला काढल्याशिवाय राहवत नाही. तुझं मन मोठं आहे, म्हणून तू वाऱ्यावर ढकललंस. वारा नव्हता त्या दिवशी. पान हलत नव्हतं.

तुला ठाऊक आहे, तुझ्या मामाला सायकलवर बसून साधा पूल चढवत नाही. क्लबमध्ये माझा मान आहे तो फितींमुळे. शर्यतीच्या आदल्या दिवशी खांद्यावर रीळ टाकून मी सगळा मार्ग पायी चालतो. प्रत्येक फाट्यावर तीन फिती बांधतो: एक फाट्याच्या आधी, म्हणजे स्वार सावध होतो, एक फाट्यावर, आणि एक वळल्यावर थोडी पुढे, म्हणजे बरोबर आलो असं त्याला कळतं. इतक्या वर्षांत माझ्या मार्गावर कोणी चुकलं नाही. फितींना धरून आंधळाही घरी येईल अशी फुशारकी मी मारत असे. ती फुशारकी देवाने ऐकली आणि नेमकी माझ्याच भाचीवर काढली.

त्या आडव्या झाडाच्या बुंध्यावर पाय देऊन मी फांदीला फीत बांधली आणि गाठ दातांनी आवळली, असं मला स्पष्ट आठवतं. पण आठवतं म्हणजे काय? गेल्या महिन्यात दाराला कुलूप लावल्याचंही स्पष्ट आठवत होतं, आणि परत येऊन पाहतो तर दार सताड उघडं. तुझे डोळे तरुण आहेत. तुला दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच.

आता दुसरी गोष्ट. आमचे बेकरीवाले तुला माहीत आहेत. शर्यतीत सगळ्यांच्या मागून सायकल हाणतात, कोणी मागे राहिलं नाही ना ते बघतात आणि जाताजाता माझ्या फिती सोडवून गुंडाळतात, म्हणून त्यांना आम्ही शेपूट म्हणतो. तर हे शेपूट सांगू लागलं की त्या फाट्यावरच्या तिन्ही फिती जागेवर होत्या, त्यांनी त्या स्वतःच्या हाताने सोडवल्या. शाळेत एका बाकावर बसल्यापासूनचा मित्र, मला वाचवायला खोटं बोलतो आहे हे मला लगेच समजलं. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणालो की मला खोट्याच्या कुबड्या नकोत. माझी भाची खोटं बोलणारी नाही, मग इथे खोटं कोण बोलतंय ते सांगा. त्यांनी हातातलं फितींचं भेंडोळं टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. तेव्हापासून त्यांच्याकडची पाव-बिस्किटं बंद आहेत.

 क्लबच्या अध्यक्षबाईंना मीच सांगितलं की डिसेंबरच्या शर्यतीचा मार्ग दुसऱ्या कोणाकडे द्या. उद्या एखादं पोर खरंच दरीत गेलं तर?

पोरी, ताईने तुला माझ्या भरवशावर पाठवलं होतं. आता तिला काय तोंड दाखवू? ती काही बोललीच तर ऐकून घे, माझ्या वतीने भांडू नकोस. मला क्षमा कर.

तुझा,
मामा


ता. २० ऑक्टोबर

ती. मामास,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानात, गोदामात जाऊन वाचलं. पुन्हा कधी माझी क्षमा मागू नका. तुमच्या पाया पडते, नका मागू.

मामा, फीत एखाद्या शेळीने खाल्ली असेल. हसू नका, शेळ्या काय वाटेल ते खातात. आमच्या गल्लीत एकीने भिंतीवरचं पोस्टर खाल्लं होतं. किंवा असंही असेल की फीत होती, आणि मलाच दिसली नसेल. घाम डोळ्यांत जात होता, त्याआधी उतारावर मी आपटलेही होते. माझंच लक्ष नसेल. खरंच मामा, माझंच लक्ष नसेल, असंच धरून चाला. बेकरीवाले काका कशाला खोटं बोलतील? तुम्ही त्यांच्याकडे जा. काही न बोलता नुसते पाव आणायला जा.

आणि फितींचं काम सोडू नका. एका मुलीच्या सांगण्यावरून कोणी एवढं काम सोडतं का?

मी सायकलला अजून हात लावलेला नाही. चिखल वाळून पांढरा झालाय. आई रोज विचारते की धुणार कधी, मी उद्या म्हणते. परवा तुमच्या क्लबमधला एकजण कामासाठी इकडे आला होता, तो दुकानात भेटला आणि वाट कशी चुकलीस ते विचारत होता. मला रंगाची छटा काढायची घाई आहे असं सांगितलं आणि चुकीचा डबा उघडला.

मामीला नमस्कार. माझ्यावर रागवायचं असेल तर रागवा, पण स्वतःवर नको.

तुमची,
भिंगरी


ता. २९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आमच्या घरात लिहायचं खातं तुझ्या मामांकडे आणि वाचायचं माझ्याकडे. पण आता राहवेना. हे पत्र लिहिल्याचं त्यांना सांगू नकोस.

तुझं मागचं पत्र वाचून त्यांना धीर येईल असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. पत्र मिटून ते म्हणाले, बघ पोरगी केवढ्या मनाची, माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतेय. आणि गॅलरीत जाऊन बसले. तू लक्ष नसेल असं लिहिलंस, त्याने ते आणखीच खचले बाई.

ते दिवसभर गाठी बांधत बसतात. उरलेलं रीळ घरी आणलंय. खुर्चीच्या पायाला बांधतात, नळाला बांधतात, खिडकीच्या गजाला बांधतात आणि सकाळी उठून कुठली सुटली ते बघतात. एकही सुटत नाही. घराचा शर्यतीचा मार्ग झालाय. स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जायचं तर तीन फिती लागतात, मी चुकायची शक्यताच उरलेली नाही. आधी मी हसले, मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू विरलं.

हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले की डोळे उत्तम आहेत. दुसरा कोणी खूश झाला असता. हे घरी येऊन मला म्हणाले की डोळे ठीक म्हणजे डोकंच गेलं. आता दाराला कुलूप मला लावायला सांगतात. सिलिंडरचा कॉक बंद केला का ते तीनदा बघतात. काल भाजीवालीला पैसे दिले की नाही ते आठवेना म्हणून बिचारे पुन्हा द्यायला निघाले होते. हा माणूस असा नव्हता गं. हे सगळं तुमच्या त्या शर्यतीनंतरचं आहे.

त्या दिवसाचं तुला कोणी नीट सांगितलं नसेल. सगळे स्वार आले, मोजणी झाली, तू नाहीस. हे टेबलावरचा चहा तसाच टाकून रानात शिरले. बेकरीवाल्यांनी त्यांना हाताला धरून थेट ओढ्याकडच्या लाकडांच्या ढिगापाशी नेलं, तिथेच का ते देव जाणे. आणि हे भिंगरी, भिंगरी म्हणून ओरडत होते. ओरडायचे आणि लगेच वळून बेकरीवाल्यांच्या तोंडाकडे बघायचे. तिने ओ दिली का, म्हणून विचारायचे. त्यांना स्वतःला ऐकू येणार नव्हतं ना. बेकरीवाले मान हलवून नाही म्हणायचे, की हे पुन्हा ओरडायचे. अंधारून येईपर्यंत हेच चाललं होतं. दोन दिवस घसा बसला होता. तुला सांगितलं नाही, कारण तुला वाईट वाटेल म्हणून मला शपथ घातली होती.

मला क्लबशी देणंघेणं नाही. पण हा माणूस स्वतःला वेडा समजायला लागलाय. तुझा शब्द ते प्रमाण मानतात, म्हणून तुला सांगते. असं काहीतरी लिही की त्यांचा स्वतःवर पुन्हा विश्वास बसेल. काय लिहायचं ते तूच ठरव, तू शिकलेली आहेस.

तब्येतीला जप. गुडघ्याची खपली काढू नकोस, लहानपणापासूनची खोड आहे तुला.

तुझी,
मामी


ता. २ नोव्हेंबर

ती. मामास,

नमस्कार लिहायची आज लाज वाटते, म्हणून लिहीत नाही.

फीत होती, मामा. तिन्ही फिती होत्या. मी त्या पाहिल्या.

उतारावर मी आपटले तेवढं खरं आहे. त्यानंतर मी दगडांमधून सायकल हातात धरून चालत उतरले. एकेक करून सगळे पुढे गेले. दातांना तार लावलेली एक शाळकरी मुलगी गेली, तिने जाताना मला थँक्यू म्हटलं, बाजूला झाले म्हणून. मग बराच वेळ कोणी आलं नाही, आणि मग मागून शीळ ऐकू आली. बेकरीवाले काका शीळ घालत येत होते. मागे वळून पाहिलं तर त्यांच्या हँडलवर तुमच्या फितींचं भेंडोळं होतं. मी जिथून गेले तिथून मागची शर्यत ते गुंडाळत आणत होते. मला म्हणाले, सावकाश हो बाळा, मला काही घाई नाही.

मामा, ते रागावले असते तर चाललं असतं. त्यांनी एवढ्या मायेने सांगितलं तेच मला सोसवलं नाही. मी घरी काय काय बोलून आले होते! आईला सांगितलं होतं की पहिल्या पाचांत येईन. दुकानाच्या काचेत जागा करून ठेवली होती. नवी जर्सी घातली होती. आणि आता शेपटाला मागे घेऊन, टाळ्या वाजवणाऱ्या लोकांतून, तुमच्यासमोरून शेवटची जायचं.

म्हणून वळणाआड ते दिसेनासे झाल्यावर मी जोर लावून पुढे गेले, आडव्या झाडापाशी तुमची फीत पाहिली, आणि डावीकडे वळायच्या ऐवजी सरळ जाऊन लाकडांच्या ढिगामागे सायकलसकट बसले. काका आले. उतरले. झाडाची फीत त्यांना सुटेना. शेवटी दात लावावे लागले त्यांना. मी ते ढिगामागून बघत होते. तुमची गाठ एवढी पक्की होती, मामा. तुमचं डोकं ठिकाणावर आहे. कुलूप कधीतरी सगळेच विसरतात.

मला वाटलं की सगळे घरी जाईपर्यंत बसून राहावं, मग हळूच यावं आणि चेन तुटली म्हणून सांगावं. मी परतल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. तुम्ही सगळे येताना दिसलात तेव्हा घाबरून मी सायकल घेऊन ओढ्यापलीकडे उतरले. नंतर मोठ्या रस्त्याने परत आले तर एवढी माणसं, ती चिंतेत पडलेली तोंडं. कोणीतरी विचारलं की फीत दिसली नाही का गं. मी मान हलवली. तेव्हा मी एवढंच केलं. बाकीचं नंतर पत्रात, शांतपणे बसून लिहिलं. ते जास्त वाईट आहे.

अजून एक सांगायचं आहे, ते लिहिताना तीनदा पेन खाली ठेवलं.

मी तुम्हाला ऐकलं. ओढ्यापलीकडे झुडपात होते तेव्हा तुम्ही मला हाक मारत होता. आणि मी ओ दिली, मामा. तुम्हाला कधीच ऐकू जाणार नाही आणि काकांनाही जाणार नाही, इतक्या हळू दिली. म्हणजे मी उत्तर दिलं होतं असं मला स्वतःला सांगता यावं म्हणून. मामांना ऐकू येत नाही त्याला मी काय करू, असंही मनात म्हणाले. तुमच्या कानांचा मी असा उपयोग केला. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी शेवटची येण्याची जन्मात वाटली नसती.

आईला काल सांगितलं. तिने बादली आणि फडका आणून माझ्यासमोर ठेवला. सायकल धुतली.

तुम्ही उत्तर लिहिलं नाही तरी मी समजेन.

भिंगरी


ता. ८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद लिहितो, कारण तो थोरांनी द्यायचाच असतो. त्यावरून बाकी काही समजू नकोस.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला आनंद झाला. डोकं शाबूत आहे याचा. घरभर फिरून सगळ्या फिती सोडल्या. तुझी मामी पाठीमागून रीळ गुंडाळत होती आणि रडत होती. दोघांनी चहा घेतला. आणि मग मला असा संताप आला की तडक चपला चढवल्या.

तू शेवटची आलीस म्हणून नाही. शेवटी कोणीतरी यावंच लागतं, शर्यतीला दोन टोकं असतात. रानात फिरवलंस म्हणूनही नाही, पाय माझे धडधाकट आहेत. पण तुझ्या एका शब्दावर मी माझ्या मित्राला चारचौघांत खोटारडा म्हणालो. ते मला गिळता येत नाही. तुझी लाज तू मला नेसवलीस आणि मी ती महिनाभर माझी समजून वागवली.

तसाच बेकरीत गेलो. ते भट्टीतून ट्रे काढत होते. पत्र पुढे केलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, उभ्याउभ्या वाचलं आणि परत दिलं. चेहऱ्यावर काही नाही. मग माझ्या उजव्या कानाशी येऊन ओरडले, म्हणजे अख्ख्या बेकरीला कळलं, की त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. लाकडांच्या ढिगामागून तुझं पुढचं चाक दिसत होतं. पोर थोडा वेळ एकटी बसू दे, रडून झालं की येईल आपली आपण, असा विचार करून ते काही न बघितल्यासारखे पुढे निघाले. तू आली नाहीस तेव्हा त्यांच्याच पायाखालची जमीन सरकली. म्हणून मला थेट तिथे नेलं. नंतर मी त्यांना खोटारडा म्हणालो तेव्हा खरं सांगितलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण क्लबच्या तरण्या पोरांसमोर तुझी शोभा झाली असती. म्हणून ते भेंडोळं ठेवून निघून गेले.

मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी हातात गरम ट्रे दिला. म्हणाले, वाकलाच आहेस तर हा खालच्या फळीवर ठेव. पाव-बिस्किटं पुन्हा सुरू झाली आहेत.

आता तू काय करायचं ते ऐक. येत्या रविवारी क्लबची बैठक आहे. पहिल्या बसने ये. अध्यक्षबाईंना मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते सगळ्यांसमोर उभं राहून तू सांगायचं आहेस, फितीपासून लाकडांच्या ढिगापर्यंत. बेकरीवाल्यांची क्षमा तिथेच मागायची, बेकरीत एकांतात नाही. मी पहिल्या रांगेत बसेन. तुला धीर द्यायला नाही, तुझे ओठ वाचता यावेत म्हणून. गाळलंस तर मला कळेल.

डिसेंबरच्या शर्यतीचा मार्ग मीच आखणार आहे, आणि तू त्या शर्यतीत उतरायचंस. पहिली ये, मधली ये, नाहीतर बेकरीवाल्यांची शीळ पाठीवर घेऊन ये. मी शेवटच्या खांबापाशी उभा असेन आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तिथून हलणार नाही. इतकी वर्षं मी तसाच उभा राहतो. सगळ्यांच्या मागून येणारं माणूस रिकाम्या हाताने परत गेलंय असं मला कधी वाटलं नाही, तुला ते माहीत असतं तर बरं झालं असतं. तुला ते सांगायला हवं होतं, ही मात्र माझी चूक.

क्षमा केली असं लिहीत नाही, कारण अजून केलेली नाही. होईल. मामीने तुझ्या खोलीतली चादर बदलून ठेवली आहे, यावरून तिचं काय ते समज.

ओ दिलीस ते लिहिलंस हे बरं केलंस. ते लिहिलं नसतंस तरी मला कधी कळलं नसतं, आणि तुलाही हे माहीत होतं. म्हणून बाकीच्या पत्रावर माझा विश्वास बसला.

पुन्हा कधी हाक मारली तर मोठ्याने ओ देत जा. मला नाही ऐकू येणार. पण माझ्या शेजारी कोणी ना कोणी उभं असतं, मी त्याच्या तोंडाकडे बघत असतो.

लोभ आहेच. वाढवायचा किती, ते रविवारी बघू.

तुझा,
मामा